एव्हिसची झारी आणि माझा कान

आमच्या शिल्पकार एव्हिस कॉम्बेनबद्दल पेपरात जे छापून येतं त्यातल्या निम्म्या थापा असतात. ती म्हणे 'दगडाशी संवाद साधते'. अहो, मी या बाईला साठ-सत्तर वर्षं ओळखतो. संवाद-बिंवाद काही नाही. ती दगडावर झारीने पाणी ओतते, समोर खुर्ची टाकून चहा पीत बसते, आणि दगड वाळेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाही. दगडाशी तर नाहीच नाही.

आता लायब्ररीतल्या पोरी मागे लागल्यात की बेटावरच्या माणसांबद्दल बेटावरच्या माणसांनीच लिहावं. एव्हिसबद्दल कोण लिहिणार, तर क्लेम. क्लेम म्हणजे मी. लिहितो. पण तिच्याबद्दल लिहायचं तर माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल. त्याला इलाज नाही.

माझं अख्खं आयुष्य आमच्या या पोर्टलंड बेटावरच्या दगडाच्या खाणीत गेलं. एक्केचाळीस वर्षं. माझं काम दगड ठोकून पाहण्याचं. शिळा सुटी झाली की लहान हातोडी घ्यायची, डोळे मिटायचे, ठोकायचं आणि ऐकायचं. अखंड दगड खणखणीत वाजतो. आत कुठे चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलतो. मी 'वाजतो' म्हटलं की दगड करवतीकडे जायचा, 'मुका' म्हटलं की ढिगाऱ्यावर. माझ्या शब्दावर कुणी दुसरा शब्द काढत नसे. मुकादमसुद्धा म्हणायचा, "कानाला विचारा." मला नावच पडलं होतं कान. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला नाही म्हणू?

एव्हिस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचा बाप अर्नी आणि माझा थोरला भाऊ राल्फ एकाच दिवशी, एकाच शिळेखाली गेले. एकोणीसशे त्रेसष्टचा मार्च. राल्फ बावीस वर्षांचा होता. दोघं जेवणाची सुट्टी संपवून उठले, ऊन पडलं होतं म्हणून कोट बाकावरच ठेवले, आणि आत गेले. कोट तेवढे घरी आले. अर्नीचा कोट एव्हिसच्या आईने स्वयंपाकघराच्या खुंटीला वीस वर्षं टांगून ठेवला. कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. ती लोकांची धुणी धुवायला जायची तेव्हा एव्हिस आमच्या घरी असायची, टेबलाखाली बसून माझ्या आईचे वाटाणे सोलायची आणि निम्मे खायची.

इथे एक सांगून ठेवतो. आमच्या बेटावर एक जनावर आहे, त्याचं नाव आम्ही घेत नाही. लांब कानांचं, शेपटीच्या जागी कापसाचा बोळा, बीळ करून राहतं. हा प्राणी खाणीच्या माथ्यावर बिळं करतो, त्याने कडा पोकळ होतो आणि वरून दगड सुटतो. म्हणून तो दिसला की माणसं हत्यारं खाली ठेवून सरळ घरी जायची, आणि मुकादमही अडवायचा नाही. नाव घ्यायचंच झालं तर 'जमिनीखालचं मटण' म्हणायचं. बाहेरगावचे लोक, ज्यांना आम्ही किंबरलिन म्हणतो, ते हसतात. हसू देत. त्या मार्चच्या सकाळी लांबकान्या दिसला असता तर राल्फ आज ऐंशीच्या पुढचा म्हातारा असता.

तर एव्हिस. सोळाव्या वर्षी ती करवतखान्याच्या कचेरीत चहा करायला लागली. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया सिगारेटी ओढायच्या, ही बाहेर येऊन टाकाऊ तुकड्यांवर अक्षरं कोरायची. छिन्नी कुणाची तर माझी, न विचारता घेतलेली. सहा महिन्यांत तिचं अक्षर आमच्या जुन्या कारागिरांपेक्षा देखणं झालं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिला तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, "तिखट मी आधीपासूनच होते, तुला चव आत्ता कळली."

मग लंडनच्या कलाशाळेत तिला शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी तिथे सगळे लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडत बसलेले. दगड कोरणं म्हणजे मागासलेपणा. मास्तरांनी विचारलं, "तुझी कल्पना काय आहे?" ही म्हणाली, "अजून दगड आलेला नाही." मास्तर म्हणाले, आधी कल्पना, मग चित्र, मग मातीचा नमुना, आणि मग हवं तर दगड. ही म्हणाली, "मग दगडाला विचारायचं कधी?" दोन वर्षांत परत आली. आईने दार उघडलं, पिशवी आत घेतली आणि विचारलं, "झालं शिकून?" ही म्हणाली, "झालं." त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

पुढची तीस वर्षं तिने थडग्यांचे दगड कोरले. बेटावर जो मेला त्याचं नाव एव्हिसच्या हातून गेलं. पोट त्यावर चालायचं. उरलेल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये तिचं स्वतःचं काम. पाव कोरायची. ताटाळ्यात उभ्या करून ठेवलेल्या बश्या कोरायची. धुण्याची टोपली, आत पिळून टाकलेल्या चादरी. घडी घातलेला कोट. माणूस कधीच नाही. मी एकदा विचारलं, "बाई, दोन हात, दोन पाय, एक डोकं, असं काहीतरी कर की. लोकांना कळेल तरी." ती म्हणाली, "माणूस मला नीट आठवतच नाही, क्लेम. कोट आठवतो."  मलाही राल्फचा चेहरा फोटोशिवाय आठवत नाही, पण त्याच्या कोटाला तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास यायचा तो मला आत्तासुद्धा येतो.

दगड ती ढिगाऱ्यावरचाच घ्यायची. म्हणजे मी 'मुका' म्हणून फेकलेला. त्यातून चिरेच्या अलीकडचा बरा तुकडा काढून घरी न्यायची. शंखशिंपल्यांच्या भोकांनी भरलेला दगड बांधकामवाले घेत नाहीत, तो तिला सगळ्यात जास्त आवडायचा. ती भोकं बुजवायची नाही. मग सुरू व्हायचं झारीचं प्रकरण. परसातली टोमॅटोला पाणी घालायची हिरवी पत्र्याची झारी. रोज सकाळी दगडाला न्हाऊ घालायचं आणि खुर्चीवर बसायचं. तिचं म्हणणं असं की दगड सगळीकडे सारखा वाळत नाही. कुठे मऊ, कुठे टणक, ते वाळताना दिसतं, आणि चीर असेल तर तिथे पाणी धरून राहतं. बाकी दगड पांढरा झाला तरी तेवढी एक काळी रेघ उरते. महिनाभर असं बघितलं की मग ती छिन्नी उचलायची. आणि निम्मं झालं की थांबायची. बशी अर्धी, पुढे नुसता दगड. लोकांना वाटायचं बाई आजारी पडली असेल.

मला ते झारीचं कधी पटलं नाही. "दगड कानाने कळतो," मी म्हणायचो. "झारीने टोमॅटो कळतात."

"तुझा कान तुला लखलाभ," ती म्हणायची. "बाजूला हो, ऊन अडवतोयस."

तिच्या चौपन्नाव्या वर्षी लंडनचा कुणीतरी माणूस सुट्टीला आला, वाट चुकला आणि तिच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याने धुण्याची टोपली बघितली. पुढच्या वर्षी ती टोपली लंडनच्या प्रदर्शनात आणि तिथून एका मोठ्या संग्रहालयात गेली. मग पेपरवाले आले. एकाने विचारलं, "तुमची कामाची पद्धत काय?" ती म्हणाली, "आधी चहा." त्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्याने विचारलं, "काम पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळतं?" ती म्हणाली, "भूक लागते." तेही त्याने लिहून घेतलं. एव्हिस आहे तशीच राहिली. चर्चच्या जत्रेत केक विकायला उभी राहते आणि जुने पडदे कापून कामाचा झगा शिवते.

आता मुद्द्यावर येतो. दुर्घटनेला साठ वर्षं होणार म्हणून बेटावर एक समिती झाली, स्मारक करायचं ठरलं, आणि ते एव्हिसनेच करावं हेही ठरलं. समितीच्या बाई नव्या, किंबरलिन, मनाने चांगल्या. त्यांना हातोडे उगारलेले दोन खाणकामगार हवे होते. एव्हिस म्हणाली, "मी एक बाक करीन. त्यावर दोन कोट आणि चहाचा डबा."

"पण माणसं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"ती आत गेलीत," एव्हिस म्हणाली. ठराव पास झाला.

या वेळी ढिगाऱ्यावरचा दगड चालणार नव्हता. त्याच खाणीतला, त्याच थरातला चार टनी दगड तिने काढवून शेडमध्ये आणला आणि मला निरोप धाडला, "येऊन ठोकून जा."

मी गेलो. वारा मी म्हणत होता. एव्हिस म्हणाली, "मी ठोकते, तू ऐक." मी नेहमीसारखे डोळे मिटले. थोडा थांबलो. मान डोलावली आणि म्हणालो, "घंटा आहे, एव्हिस. घंटा."

तिने हातोडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं. चहा घेणार?"

आता लाजिरवाणी गोष्ट. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. आठ-दहा वर्षं झाली होती, माझे कान कामातून गेले होते; समोरच्याचं बोलणं मी ओठ बघून भागवायचो. चाळीस वर्षं भोंगे, सुरुंग आणि करवती, दुसरं काय होणार? पण मी कुणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बेरिलला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा कळलं नाही, कारण तिचं न ऐकण्याची माझी सवय जुनीच. पण कान म्हणून ज्याची ओळख तो 'मला ऐकू येत नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणणार? दगड दिसायला छान होता, त्या थरातला दगड सहसा दगा देत नाही, म्हणून मी ठोकून दिलं. हे मी माझ्या भावाच्या स्मारकाच्या बाबतीत केलं. लिहितानाही लाज वाटते.

एव्हिसने त्या दगडावर चौदा महिने काढले. सत्तरीची बाई, रोज सहा तास. मी अधूनमधून जाऊन बघायचो. बाक आकाराला आला. अर्नीचा कोट आला, एक बाही बाकावरून लोंबती. मग राल्फचा, कॉलर उभी, अगदी तो ठेवायचा तशी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी शेडबाहेर जाऊन नाक शिंकरत बराच वेळ उभा राहिलो.

उभारणीला महिना उरला असताना बेरिलने मला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं. "तुला आग लागल्याचं सांगितलं तरी तू 'दोन चमचे साखर' म्हणतोस," ती म्हणाली. कानात घालायची यंत्रं मिळाली. मी ती बिस्किटांच्या डब्यात लपवून ठेवली. पण उभारणीच्या आदल्या शुक्रवारी, बेरिल फारच पाठीस लागली म्हणून, ती घालून फिरायला निघालो. टोपी कानांवर ओढून. समुद्रपक्षी ओरडत होते, माझेच बूट करकरत होते, जग भलतंच बोलकं झालं होतं. जाता जाता एव्हिसकडे वळलो.

ती राल्फच्या कोटाच्या शेवटच्या गुंडीवर काम करत होती. तिने छिन्नी लावली, लाकडी हातोडा मारला. थप्प. पुन्हा मारला. थप्प.

 तो आवाज मी झोपेतही ओळखेन. दगड मुका होता.

"काय रे, पांढरा का पडलास?" एव्हिसने विचारलं.

"काही नाही. वारा बाधला," मी म्हणालो आणि घरी पळालो.

क्रेन मंगळवारी येणार होती. चार टनाचा दगड पट्ट्यांत धरून वर उचलायचा. आत चीर असली की ती उचलतानाच उघडते, दोन तुकडे होतात आणि खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी त्याखाली जातो. साठ वर्षांपूर्वी झालं तेच. आणि कोणी जगला वाचला तरी चौदा महिन्यांचं काम मातीत. शनिवारी मी दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. रविवारी ती आमच्याकडे चहाला आली. बेरिलने मनुकांचा केक केला होता.

"एव्हिस," मी म्हणालो, "तो दगड..."

"दगडाचं काय?"

"बरा आहे ना?"

 "तूच म्हणाला होतास ना, घंटा आहे म्हणून?"

"हो, तेही खरंच," मी म्हणालो आणि केकचा तुकडा बशीत चिवडत राहिलो. 

मंगळवारी सकाळी नऊला सगळे जमले. शेडचं छप्पर काढून ठेवलेलं. क्रेनवर कॉलिन, आमच्याच खाणकामगाराचा मुलगा, पन्नाशीचा. त्याची दोन माणसं दगडाला पट्टे घालून बाजूलाच उभी. समितीच्या बाई नवी टोपी घालून आलेल्या. तीसेक लोक. एव्हिस पडद्याच्या कापडाच्या झग्यात, हातमोजे घालून. कॉलिनने हात वर केला. पट्टे ताणले गेले, करकरले, आणि मला तो करकर आवाज ऐकू आला.

मी बोलायला तोंड उघडलं. 'थांबा, दगडात चीर आहे' एवढंच म्हणायचं होतं. शपथेवर सांगतो, तेच म्हणणार होतो. पण शहात्तर वर्षांचा गर्व आडवा आला. ते शब्द काही निघेनात आणि निघाला तो भलताच शब्द. मी जीव खाऊन ओरडलो, "ससा!"

क्रेनचं इंजिन बंद पडलं. म्हणजे कॉलिननेच बंद केलं, पण इतक्या झटक्यात की जणू आपोआप.  म्हाताऱ्या मिसेस लानोने डोक्यावर टोपडं ओढलं आणि मागे न बघता चालायला लागली.

"क्लेम," कॉलिन हळू आवाजात म्हणाला, "काय बोललात?"

"तिकडे. कुंपणापाशी. मी बघितला, स..."

"पुन्हा नको! एकदा बोललात तेवढं पुरे!"

"कुठे आहे, कुठे?" समितीच्या बाई टाचा उंचावून बघू लागल्या. "ससे किती गोड असतात!" तिघांनी एकदम त्यांना 'शूः' केलं. बाई भेदरल्या.

कॉलिन खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आज काही उचलायचं नाही. उद्या बघू. आणि क्लेम, माझा बाप असता ना, तर तुम्हाला समुद्रात बुडवून काढलं असतं." माणसांनी पट्टे सैल केले. दहा मिनिटांत सगळे पांगले, बहुतेक पबच्या दिशेने. साठ वर्षांत या बेटावर कुणी तो शब्द इतक्या मोठ्याने उच्चारला नसेल. तोही कुणी, तर खाणकामगाराने, आणि मेलेल्यांच्या दगडासमोर.

एव्हिस तशीच उभी होती. "तिथलं गवत मी परवा कापलंय," ती म्हणाली. "त्यात उंदीरसुद्धा लपणार नाही. काय झालंय ते बोल आता."

मी टोपी काढली. कानातलं एक यंत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. "मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "दहा वर्षं झाली. त्या दिवशीही मला काही ऐकू आलं नव्हतं, एव्हिस. मी खोटं बोललो. शुक्रवारी हे घालून आलो तेव्हा ऐकलं. दगड मुका आहे. आत चीर आहे. तुझे चौदा महिने मी पाण्यात घातले. आणि राल्फचा..."  शहात्तर वर्षांचा माणूस, बाईमाणसासमोर ढसाढसा रडलो. काय सांगू तुम्हाला.

तिने मला रडू दिलं. मग यंत्र माझ्या खिशात टाकलं, गुडघे धरत धरत खाली वाकली आणि दगडाच्या बुडाशी ठोकलेली एक फळी उचकटली. "बघ," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. दगडाखाली लाकडी ओंडके असायला हवे होते. त्यांच्या जागी वाळूची पोती होती. ओली, गच्च भरलेली, शेजारी शेजारी रचलेली.

"हे काय?"

"गादी," ती म्हणाली. "आणि गादीवर ठेवलेली घंटा वाजते का रे, मोठ्या कानवाल्या?"

"पण गादी कशाला?"

ती हातमोजे काढायला लागली. एकेक बोट ओढून, सावकाश. तिची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक होती, मेणबत्तीसारखी. खाणीतल्या माणसांना हा रोग होतो. हत्याराच्या हादऱ्यांनी बोटं मरतात. मी कितीतरी जणांची बघितली होती. तिची बघितली नव्हती, कारण ती कायम हातमोज्यांत.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "दगड लाकडावर असला की प्रत्येक घाव उलटून हातात येतो. वाळूवर असला की वाळू खाते. हा शेवटचा मोठा दगड, तेवढा पुरा करायचा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस?"

 मी नाक पुसलं. पण माझ्या मनातली पाल अजून चुकचुकत होती. "आवाज वाळूमुळे बद्द झाला, मान्य. पण म्हणून चीर नाही असं कुठे ठरतं? ठोकून कुणी पाहिलाय?"

एव्हिसने कोपऱ्यातली हिरवी झारी उचलली. माझ्या हातात दिली. "ओत."

मी ओतलं. सहा झाऱ्या. अर्नीच्या कोटावर, राल्फच्या कोटावर, चहाच्या डब्यावर, मागच्या अनघड बाजूवर. दगड ओला होऊन राखाडी झाला. तिने दुसरी खुर्ची आणली, किटली आणली, आणि आम्ही दोघं बसलो. ऊन होतं, वारा होता. मी बोलायला गेलो तर म्हणाली, "गप्प बस आणि बघ." जन्मात पहिल्यांदा मी दगड वाळताना बघितला. आधी कडा पांढऱ्या झाल्या. मग बाह्या, मग कॉलर. प्रत्येक वेळी कुठे काळं दिसलं की माझा जीव वरखाली व्हायचा, आणि तेही हळूहळू पांढरं व्हायचं. तासाभराने शिंपल्यांच्या भोकांतली ओल तेवढी राहिली, मग तीही गेली. एक रेघ उरली नाही. मी उठून चारी बाजूंनी फिरून पाहिलं, दोनदा.

माझा जीव भांड्यात पडला. चार दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली.

"हे तू रोज बघत होतीस," मी म्हणालो.

"रोज. पहिल्या दिवसापासून. तुला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"राल्फचा दगड आहे," ती म्हणाली. "त्याच्या भावाने पास करायला नको?"

"बहिऱ्या भावाने! मला ऐकू येत नाही हे तुला कुठे माहीत होतं?"

"त्या दिवशी कळलं."

"कसं?"

एव्हिसने कप खाली ठेवला. "मी ठोकलाच नव्हता, क्लेम. बोटं आखडली होती, हातोडी उचलून तशीच उभी होते. तू डोळे मिटून म्हणालास, घंटा आहे."

 "आणि तू चौदा महिने बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, स्वतःहून सांगेल. तू सांगितलंस, पण त्यासाठी अख्ख्या बेटाचं वाटोळं करणारा शब्द बोललास." आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो. रडून झाल्यावर हसायला फार बरं वाटतं.

बुधवारी कॉलिन परत आला. आल्या आल्या त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे एक शब्द बोलले तर मी चाललो." मी दोन्ही हातांनी तोंड झाकून दाखवलं. पट्टे ताणले, करकरले, आणि वाळूवरून दगड उठला. हातभर वर आला तशी एव्हिसने हात दाखवला. कॉलिनने तिथेच थांबवला. चार टनाचा तो बाक हवेत लोंबत होता, दोन्ही कोट त्यावर, सगळे लोक लांब उभे.

एव्हिसने झग्याच्या खिशातून लहान हातोडी काढून माझ्यापुढे धरली. माझीच जुनी हातोडी होती. कधी ढापली होती कोण जाणे.

"मागच्या बाजूला," ती म्हणाली. "जिथे मी हात लावलेला नाही तिथे." आणि तिने हातमोजा काढून आपला पांढरा पंजा दगडावर सपाट टेकवला.

मी ठोकलं. या वेळी डोळे उघडे ठेवून.

मी एक्केचाळीस वर्षांत हजारो दगड ऐकले असतील. पण तो आवाज! लांब, स्वच्छ, आधी मोठा, मग बारीक होत होत वाऱ्यात मिसळून गेला. टोपीखाली लपवलेल्या यंत्रांतून आला, तरी पूर्ण आला.

एव्हिसचा हात तसाच दगडावर होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि फक्त मलाच ऐकू जाईल असं विचारलं, "नीट वाजला का रे? आवाज आला, पण हादरा माझ्या हाताला काहीच कळला नाही."

"वाजला," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच ऐकला, एव्हिस."

तिने मान हलवली, हात काढला, आणि कॉलिनला खूण केली.